अकरा सेकंद

दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास आला की मला शारजातील अल मजाजचा खाडीकाठ आठवतो. नव्वदच्या दशकात आमच्या कचेरीत एक जपानी बाई होत्या. मायदेशी त्या कंपनीच्या संघातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावत. गुडघा दुखावल्यावर कंपनीने त्यांना शारजात बैठ्या कामावर पाठवले होते. ठरलेल्या वेळेत धावता आले, तरच संघात परत घ्या असे त्या कळवणार होत्या. एका दमट संध्याकाळी खाडीकाठी वेळ मोजायचे घड्याळ त्यांनी माझ्या हाती दिले. त्या अकरा सेकंद उशिरा पोहोचल्या. मला आकडा सांगवेना. "सॉरी मॅडम, बटण दाबायलाच विसरले," मी म्हणाले. त्यांनी माझी मूठ हळूच उघडून घड्याळ पाहिले. "तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही," त्या किंचित हसल्या, "खलास." मग मागे वळून, धावून आलेल्या वाटेला जपानी रीतीने नमस्कार करत त्या कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. सरळ झाल्यावर डोळे पुसत त्यांनी विचारले, "उद्या माझ्याबरोबर चालायला याल?" पुढे कित्येक वर्षे आम्ही चाललो. मी मागे पडले की त्या वळणावर थांबत. आता साठीत मी एकटीच चालते, तरी वळण आले की मान वर करून पुढे पाहते.