परमिट रूममधलं मीठ

बारामतीहून भिगवणकडे जाताना एमआयडीसी संपली की परमिट रूम सुरू होत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांतल्या बहुतेकांत माझं जाणं-येणं होतं, कारण मी पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो आणि कचेरीत न सापडणारी माणसं तिथे हमखास सापडत.

प्रत्येक पाटीवर ‘फॅमिली’ हा शब्द असे. पत्र्याची शेड, हिरवा रंग दिलेलं कुंपण, चार अशोकाची झाडं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि उद्घाटनाच्या दिवशी चाललेलं एक कारंजं, एवढ्याला ‘गार्डन’ म्हणत. मागच्या बाजूला प्लायवूडच्या भिंती घालून पाच-सहा खोल्या पाडलेल्या असत. त्यांना पडदे. ह्या फॅमिली रूम. तिथे कुटुंब बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तालुक्यात ज्यांना मान होता आणि पिताना दिसायचं नव्हतं, ते तिथे बसत: मुख्याध्यापक, पतसंस्थेचे संचालक, शेतीखात्याचे साहेब, दारूबंदीवर भाषण करणारे एक-दोन वक्ते. पडद्याखालून त्यांचे बूट दिसत. बुटांवरून माणूस सहज ओळखता येई. ओळखायचं नाही, अशी शिस्त होती आणि ती सगळे पाळत. गावातली दुसरी कुठलीच शिस्त इतकी पाळली जात नव्हती.

जेवणाबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. शेंगदाणे, उकडलेली अंडी, रंग टाकून लाल केलेली कोंबडी. गिऱ्हाईक तक्रार करत नसे, कारण जेवण समोर येईपर्यंत त्याची जीभ कामातून गेलेली असे.

त्या रस्त्यावरच्या एका मालकाला जेवणानं नाव काढायची हौस आली. त्याची जमीन एमआयडीसीत गेली होती आणि पुण्यात डेक्कनच्या बाजूला एका बारमध्ये लोक जेवणासाठी रांग लावतात, हे तो स्वतः पाहून आला होता. दारू सगळीकडे सारखीच, लोक येतात ते ताटासाठी, असं तो भेटेल त्याला सांगू लागला. ते बरोबर होतं. पुण्याच्या त्या बारमध्ये त्याला अर्धीच गोष्ट दिसली होती, एवढंच.

त्यानं आचारी आणला तो इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. पन्नाशीचा माणूस. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, मग शेती आली. हा साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये वीस वर्षं स्वयंपाक करत होता. पुढाऱ्यांपासून ऑडिटरांपर्यंत सगळ्यांनी त्याच्या हातचं मटण खाल्लं होतं आणि ‘कूक कुठला आहे’ एवढंच विचारलं होतं. पक्की नोकरी सोडून तो परमिट रूमवर आला, त्याचं कारण त्यानं मला सरळ सांगितलं. गेस्ट हाऊसवर कोणीही आत येऊन झाकण उचलायचं, तिखट वाढव म्हणायचं, तेल कमी कर म्हणायचं. इथे मालकानं शब्द दिला होता की स्वयंपाकघर त्याचं. पातेल्याला दुसऱ्याचा हात लागणार नाही.

त्याच्या थोरल्या भावाला हे पटलं नव्हतं. वरकुट्यात राहणारा, शेती करणारा, सत्तरीला आलेला माणूस. घरात आणि गावात सगळे त्याला आबा म्हणत. आचारीही आबाच म्हणे. आबांनी त्याला सांगितलं होतं की दारूच्या गुत्त्यात भांडी घासायला गेलास, आता माझ्या पंगतीला बसू नकोस. तेव्हापासून सणालाही तो घरी गेला की त्याचं ताट वेगळं वाढलं जाई. हे तो कुणाला सांगत नसे. मला सांगितलं, कारण त्याला एक गोष्ट हवी होती.

“पेपरात ल्ह्या,” तो म्हणाला. “गुत्ता न्हाय, हाटेल हाय म्हणून. आबा पेपर वाचत्यात. पेपरातलं खरं मानत्यात.”

मी जेवून पाहिलं. मटण मंद आचेवर तीन तास शिजवलेलं, खोबरं हातानं भाजलेलं, रश्श्यावर तेलाचा थर नाही. उजनीच्या पाण्यातला मासा भिगवणहून सकाळी आणलेला आणि दुपारी तव्यावर टाकलेला. ज्वारीची भाकरी त्याच्या बायकोच्या लांबच्या नात्यातली एक बाई थापत असे. जिल्ह्यात मी अनेक ठिकाणी सरकारी आणि बिनसरकारी पाहुणचार घेतला आहे. इतकं नेमकं मीठ कुठे खाल्लं नाही. आणि तो चव घेऊन पाहत नसे. पाहुण्याच्या आधी पातेल्यातलं तोंडाला लावलं की ते उष्टं होतं, हा त्याच्या आईचा नियम. वासावर आणि रंगावर त्याला कळत असे.

मी लिहिलं. तालुक्याच्या पानावर दोन कॉलम, खाली मटणाच्या पातेल्याचा काळा डाग वाटावा असा फोटो. मजकुरात एकही शब्द खोटा नव्हता. परिणाम मात्र कुणी विचारात घेतला नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी तिथे कुटुंबं आली. खरी. एमआयडीसीतल्या कारखान्यांतले सुपरवायझर बायको-मुलांना स्कूटरवर घेऊन आले. बँकेतले एक गृहस्थ सासूबाईंना घेऊन आले. पाटीवर फॅमिली लिहिलेलं होतं, म्हणून ते फॅमिली रूममध्ये जाऊन बसले. एका पडद्याआड मुख्याध्यापक आधीच बसलेले होते. बँकेतल्या गृहस्थांच्या सासूबाईंनी पडदा बाजूला केला आणि “अगंबाई, सर तुम्ही?” म्हणाल्या. सर उठून उभे राहिले. त्यांनी नमस्कार केला. ग्लास टेबलाखाली ठेवायचा प्रयत्न केला आणि तो सांडला. सासूबाई त्यांच्या वर्गातल्या मुलीची आजी निघाल्या. मुलीच्या गणिताबद्दल तिथेच उभ्याउभ्या चौकशी झाली.

महिनाभरात बूट दिसेनासे झाले. पडद्यांमागे लहान मुलं भाकरी कुस्करू लागली.

बाहेरच्या टेबलांवरही घोटाळा झाला होता आणि तो मालकाच्या आधी वेटरांच्या ध्यानात आला. आपल्याकडे दारू आणि जेवण यांचा क्रम ठरलेला आहे. आधी पितात, पीत राहतात, शेवटी जेवतात. ताट आलं की पिणं संपलं. ताटावर ग्लास भरणारा माणूस बारामती तालुक्यात मला भेटलेला नाही. त्यामुळे चांगली परमिट रूम ताट उशिरा आणते. ह्या आचाऱ्याच्या मटणाचा वास कुंपणाबाहेर जात असे. माणसं बसली की पहिल्याच पेगला जेवण मागवत, दोन भाकऱ्या जादा खात, बडीशेप तोंडात टाकत आणि घरी जात. शुद्धीत घरी जात. मालकाच्या दृष्टीनं हे गिऱ्हाईक बुडाल्यासारखंच होतं.

मालक आचाऱ्याशी बोलला. ते बोलणं आचाऱ्यानंच मला सांगितलं, चेहऱ्यावर काही न दाखवता. मीठ-तिखट चढं ठेवा, असं मालकाचं म्हणणं. माणसाला तहान लागली पाहिजे. पाण्यानं भागणार नाही एवढी लागली पाहिजे. आचारी म्हणाला, मीठ माझ्या हातानं जास्त पडत नाही. मालक हसला आणि म्हणाला, मामा, तुमचा हात वळवायला किती वेळ लागतोय. विषय तिथे संपला असं आचाऱ्याला वाटलं. नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाटायला नको होतं.

दरम्यान माझ्या मजकुराचं कात्रण वरकुट्याला पोचलं होतं. आबांनी ते दोनदा वाचलं आणि निरोप पाठवला की रविवारी येतो, बघतो. आचाऱ्यानं हे मला शनिवारी तीन वेळा सांगितलं. आबांना पडद्याआड बसवायचं नाही, बाहेर सगळ्यांत बसवायचं, हेही ठरलं होतं. तुम्ही शेजारच्या टेबलावर असा, म्हणाला. कशासाठी, ते सांगितलं नाही. पेपरवाला बाजूला बसलेला दिसला की जागेला वजन येतं, असा त्याचा समज असावा.

रविवारी सकाळी तो मटण चुलीवर ठेवून नेहमीसारखा भिगवणला मासा आणायला गेला. दुपारी आबा एसटीनं उतरले. धोतर, पांढरा सदरा, टोपी, हातात छत्री. त्यांनी चपला बाहेर काढल्या. वेटरनं तसंच या म्हणून सांगितलं तरी अनवाणीच आले. देवळात काढतात तशा नव्हे, जेवायला बसायचं म्हणून. खुर्चीवर नीट टेकून न बसता कडेला बसले. आचाऱ्यानं स्वतः ताट आणलं. मासा, मटण, भाकरी, कांदा. तो बाजूला उभा राहिला.

मासा आबांनी चवीनं खाल्ला. काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले. मग भाकरी रश्श्यात बुडवली आणि पहिला घास खाल्ला. थांबले. पाणी प्याले. दुसरा घास. पुन्हा पाणी.

माझ्याही टेबलावर तेच मटण होतं. बिअरची पहिली बाटली संपली होती आणि दुसरी मागवल्याचं मला ती समोर आल्यावर लक्षात आलं. मालक काउंटरवरून माझ्याकडे पाहत होता. मी उठून तिकडे गेलो. त्यानं आवाजही खाली केला नाही.

“सकाळी मामा माशाला गेले तवा टाकलं. दोन मुठी,” तो म्हणाला. “ते चाखून बघत न्हाईत, मला ठाऊक हाय. बघा तुमी, दोन वाजायच्या आत बिअरचा तिसरा क्रेट फोडला.”

आज त्यांचा भाऊ आलाय, असं मी म्हणालो. मालकाला ते माहीत नव्हतं. कळल्यावर तो म्हणाला की त्यांनाही एक गार बाटली पाठवतो, आपल्याकडून. मी जागेवर येऊन बसलो. आचाऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. बातमीदारानं घटनेत हात घालायचा नसतो, असा एक सोयीचा नियम आमच्या धंद्यात आहे.

आबांनी ताट पूर्ण केलं. पानात टाकणाऱ्यांतले ते नव्हते. तोवर पाण्याचा तिसरा जग संपला होता. हात धुऊन ते परत खुर्चीच्या कडेला बसले आणि भावाकडे न बघता म्हणाले:

“पाण्यानं भागंना ह्याला. तुमच्या हितलं दुसरं काय तरी प्यावं लागतंय वाटतं. तसंच करतोस व्हय मुद्दाम?”

आचारी आत गेला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि मला दिसत होतं. त्यानं पातेल्याचं झाकण काढलं, डाव बुडवला आणि रस्सा तोंडाला लावला. डाव खाली ठेवला. मिठाचा डबा उघडून आत पाहिलं. मग काउंटरकडे पाहिलं. मालक रजिस्टर चाळत होता.

सांगण्यासारखं सगळं त्याच्याकडे होतं. एका वाक्यात तो सुटला असता. पण ते वाक्य म्हणजे पातेल्याला दुसऱ्याचा हात लागला, स्वयंपाकघर माझं नव्हतंच, हे आबांसमोर कबूल करणं. त्यासाठीच तर त्यानं कारखाना सोडला होता. तो बाहेर आला, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले.

“न्हाय आबा. माझाच हात चुकला,” तो म्हणाला. “पंधरा आणे वय झालं. मीठ कळंना आता.”

आबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.  मीठ कळत नाही, असं सांगणारा तो माणूस त्यांनी चुलीपाशी वाढवलेला होता. त्यांना काय समजलं आणि काय नाही, हे मला सांगता येणार नाही.

“मग हितं थांबून काय करतोस?” ते म्हणाले. “चल घरी. माझ्या शेजारी बस जेवायला. मीठ मी सांगन.”

आचारी पुन्हा आत गेला, आपला शर्ट आणि भाकरी करणाऱ्या बाईची पिशवी घेऊन आला. बाई मागून आली. मालकानं त्याला थांबवलं नाही. तिघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन भिगवणच्या एसटीची वाट बघत उभे राहिले. आबांनी छत्री उघडून भावाच्या डोक्यावर धरली होती, ऊन होतं.

पातेलं मात्र अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. मालकानं ते संध्याकाळी वेटरांकडून गरम करून वाढलं. मुख्याध्यापकांना कुणीतरी निरोप दिला असावा. त्यांचे बूट पडद्याखाली परत दिसले. शेजारच्या खोलीत शेतीखात्याचे साहेब होते. सगळ्या टेबलांवर तेच मटण गेलं. एकाही ताटाबद्दल तक्रार आली नाही. साहेबांनी वेटरला बोलावून सांगितलं की आज रस्सा पहिल्यांदा जमलाय, आणि ग्लास पुढे केला.