दोन वह्यांतली एकच चूक

बारामतीच्या कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. वर्गातली निम्मी मुलं माझ्याहून दांडगी. त्यामुळंच असेल, पहिल्याच तासाला मी फळ्यावर नियम लिहून टाकले. वेळेवर यायचं. गृहपाठाला वीस मार्क. आपसात चर्चा चालेल, पण लिहायचं ज्याचं त्यानं. दोन वह्या सारख्या निघाल्या तर दोघांनाही शून्य, त्यावर बोलणं नाही. शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

दिवाळीनंतर तशा दोन वह्या सापडल्या. वर्गात करून दाखवलेली एक सिद्धता, प्रत्येक पायरीचं कारण देऊन, घरून लिहून आणायची होती. या दोन्ही वह्यांत सातव्या ओळीत उणे संख्येनं भागलं होतं, पण 'पेक्षा लहान'चं चिन्ह उलटवलंच नव्हतं. शाळकरी चूक. पुढच्या ओळीत मात्र चिन्ह आपोआप बरोबर झालेलं. आणखी पुरावा काय हवा, असं मला वाटलं.

एक वही इंदापूरहून येणाऱ्या मुलाची होती, दुसरी वडगाव निंबाळकरच्या मुलीची. शुक्रवारी तास संपल्यावर मी दोघांना टेबलाशी बोलावलं.

"कुणी कुणाचं उतरवलं?"

"मॅडम, आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नाही," मुलगा म्हणाला. ते खरंच होतं; त्या वर्गात मुलं-मुली बोलत नसत. मुलगी माझ्या हातातल्या लाल पेनाकडं बघत राहिली.

"नियम पहिल्या दिवशीच सांगितलाय," मी म्हटलं आणि दोन्ही वह्यांवर शून्य घातलं. गुणांची यादी त्याच दुपारी ऑफिसात दिली.

शनिवारी इंदापूरला घरी आले, पण बूड टेकेना. धुतलेले कपडे घडी करून ठेवले, काढले, पुन्हा घड्या केल्या. रविवारी जेवताना उठले तेव्हा आई म्हणाली, "आता कुठं?" पाणी आणते म्हटलं. तांब्या माझ्या पुढ्यातच होता. ती मुलगी पहिल्या बाकावर बसायची, माझ्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. तिला दुसऱ्याची वही कशाला लागेल? आणि लागली, तर ती या मुलाकडं कशी मागेल? पण सातवी ओळ तर मी डोळ्यांनी पाहिली होती.

सोमवारी सकाळी बारामतीच्या एसटीत तो मुलगा माझ्या सीटपाशी येऊन उभा राहिला. त्यानं वर्गातली वही उघडून पुढं धरली.

"मॅडम, एवढं एक बघा. मी तुमचं फळ्यावरचं लिहून घेतलेलं आहे."

वर तारीख होती. खाली माझी सिद्धता. सातव्या ओळीत तीच चूक. तो शनिवारचा शेवटचा तास होता, घरची गाडी गाठायची म्हणून मी घाईनं, न बघता लिहीत गेले होते. पुढची ओळ टाचणात बघून लिहिली, म्हणून ती बरोबर आली. म्हणजे बाकीच्या वर्गानं सिद्धता बाजारच्या गाईडमधून उतरवली होती आणि मी त्यांना पैकीच्या पैकी दिले होते.

"हे शुक्रवारीच का नाही दाखवलंस?"

"त्यावर बोलायचं नाही, असा नियम होता."

पुढचा दीड तास तो उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

विभागप्रमुखांकडं गेले. ते म्हणाले, "गुण दुरुस्त करा, विषय संपला. वर्गात कशाला सांगता? नवीन आहात, धाक जाईल." तरी मी तासाला फळ्यावर ती ओळ लिहिली, खोडली, आणि चूक माझी होती असं सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पहिल्या बाकावरची जागा मोकळी होती.

मंगळवारीही मुलगी आली नाही. बुधवारी तास संपताच मी वडगावची एसटी धरली. विचारत विचारत घर सापडलं. तिचे वडील गोठ्यात धारा काढत होते. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता चार गाई.

"बाई, तुमी हितं? पोरीनं काय केलं?" त्यांनी हात पुसत विचारलं.

"तिनं काही नाही केलं. माझं चुकलं, ते सांगायला आलेय."

त्यांनी दुधाची बादली बाजूला ठेवली. "डोकं दुखतंय म्हणत व्हती. शाळंतलं काय बोलली न्हाय."

मुलगी दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मला ती ओळ चुकीची वाटली व्हती, मॅडम," ती म्हणाली. "पण तुमी लिवलेली. मला वाटलं, मलाच कळलं नसंल."

चहा झाला. परतीची गाडी मिळेपर्यंत मी फाट्यावर येरझारा घालत राहिले.

ती गुरुवारी आली, त्याच बाकावर बसली. वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळवले, पण पुढच्या वर्षी तिनं गणित सोडून संख्याशास्त्र घेतलं. कारण मी विचारलं नाही. नव्या वर्गाला मी नियम पुन्हा सांगितले, फक्त शेवटचा बदलला: वह्या सारख्या निघाल्या, तर आधी दोघांचंही ऐकून घेईन. आणि फळ्यावर माझं चुकलं, तर तासातच हात वर करायचा. पहिले दोन महिने एकही हात वर झाला नाही. प्रत्येक ओळ लिहून झाली की मी मागं वळून वर्गाकडं बघायची.