खिडकीवाले आणि पिवळा दिवा

कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘खिडकीवाले’ म्हणत. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याचा रंग आणि हौदातून निघालेल्या कापडाचा रंग जुळतो की नाही, ते सांगायचं. दोन्ही तुकडे घेऊन ते उत्तरेच्या खिडकीपाशी जायचे आणि मालक डोक्यावर बसला तरी तिथे पोचल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. नव्या माणसाला पहिला धडा ठरलेला असे. “पिवळ्या दिव्याखाली रंग बघायचा नाही. पिवळं आणि पांढरं तिथे एकच दिसतं.”

घरी बायको त्यांची फिरकी घ्यायची. “टोमॅटोसुद्धा खिडकीत नेऊन बघतात हे. मला मात्र एकदाही नेलं नाही.” ते हसण्यावारी न्यायचे.

मग तिला करोना झाला. ताप, अंगदुखी, तोंडाची चव गेलेली. श्वास मात्र ठीक होता. काही वर्षांपूर्वी तिच्या यकृताला सूज येऊन गेली होती, म्हणून नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, “फुप्फुसांकडे सगळे बघतात. पण हा विषाणू यकृतालाही त्रास देतो. बहुतेकांचं आपोआप निवळतं, यांचं मात्र आधीच कमजोर आहे. रोज डोळ्यांचा पांढरा भाग बघा. जरा जरी पिवळा वाटला, तर त्याच दिवशी घेऊन या.”

“रंगाचं माझ्यावर सोडा,” खिडकीवाले म्हणाले. त्यांना चक्क बरं वाटलं. औषधांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण हे काम त्यांच्या हातचं होतं.

तिचं डोकं इतकं ठणकायचं की उजेड सोसवेना. त्यांनीच खिडकीवर जाड चादर ठोकली आणि कोपऱ्यात एक लहानसा पिवळा दिवा लावला. सकाळ, दुपार, संध्याकाळ मास्क लावून ते पलंगाशी बसायचे, अंगठ्याने तिची खालची पापणी ओढायचे आणि निरखून बघायचे. मग डॉक्टरीणबाईंना फोन जायचा, “पांढरे आहेत.”

पाचव्या दिवशी ती म्हणाली, “अहो, लघवी काळ्या चहासारखी होतेय.”

“पाणी कमी पितेस तू,” म्हणत त्यांनी ग्लास पुढे केला.

सातव्या दिवसापासून तिला अन्नाचा वासही नकोसा झाला. डोळे? पांढरे. माणूस खोटं बोलत नव्हता, दिसत होतं तेच सांगत होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट स्वतःच्या घरात आठवू नये, याचा राग येतो. पण बायको आजारी असताना कारखाना कोणाच्या डोक्यात असतो?

नवव्या दिवशी दुपारी तिने हातातला चमचा उलटसुलट केला आणि विचारलं, “हे कशाला असतं?” त्यांनी ताबडतोब रुग्णवाहिका बोलावली.

स्ट्रेचर दारातून बाहेर आलं आणि तिच्या तोंडावर ऊन पडलं. डोळे, गाल, गळा, तळहात, सगळं पिवळं होतं. ही एका दिवसाची छटा नव्हे, हे त्यांना पाहताक्षणी कळलं. कापड किती वेळा बुडवलंय ते त्यांना असंच कळायचं.

गाडीतल्या माणसाने विचारलं, “पिवळेपणा कधीपासून आहे?”

आज दिसला, असं म्हणून सुटता आलं असतं. “चार दिवस तरी झाले असतील,” ते म्हणाले. “मी रोज बघत होतो.”

त्या माणसाने मान वर केली आणि ‘चार दिवस’ असं लिहून घेतलं.

तिच्या यकृताने काम सोडलं होतं. लवकर आणलं असतं तरी वाचल्या असत्या असं सांगता येत नाही, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

“वाचली नसती, असंही नाही ना?” त्यांनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली. करोनाच्या वॉर्डात भेटायला बंदी होती, म्हणून नर्सने व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिचा पलंग खिडकीला लागून होता.

“बघा, आणलं शेवटी मला खिडकीत,” ती हळूच म्हणाली. “दिसते का नीट?”

“दिसतेस,” ते म्हणाले.

त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली. खिडकीवाले महिन्याभराने कामावर आले आणि तुकडे घेऊन पूर्वीसारखेच खिडकीपाशी जाऊ लागले. नव्या माणसाला पहिला धडा मात्र आता दुसरंच कोणीतरी देतं.