तिनं मागितलेली माळ

सुदामभाऊ गेल्याचं मला अचलपूरच्या स्टँडवर एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. त्यांचाच जुना विद्यार्थी तो. "मास्तर गेले," एवढंच म्हणाला... काही आठवडे झाले, तरी स्टँडवर गेलं की तेच ऐकू येतं.

नांदगावच्या शाळेत आम्ही दोघं बरोबर शिकवत होतो. त्यांची बायको शांता गरोदर असताना तिला कावीळ झाली. कावीळ उतरवणारे एक महाराज गावात होते. मंतरलेली माळ रोग्याच्या गळ्यात घालायचे, चुन्याच्या पाण्यानं त्याचे हात धुवायचे. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! सुदामभाऊंनी ती माळ घरात येऊ दिली नाही. "हाताले आंब्याच्या सालीचा रस लावला, तं चुन्यात कोनाचंही पानी पिवळं होते," असं सासूला तोंडावर सांगून ते शांताला अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. यावर आमच्याकडेही हमखास औषध नाही, म्हणाले. ग्लुकोज, विश्रांती आणि वाट पाहणं. शांता पोटातल्या बाळासकट गेली.

सासरच्यांनी मग त्यांच्याशी बोलणंच टाकलं. महाराजांचे बरे झालेले रोगी दारावरून जात. "बहुतेक आपोआपच बरे होतात, बापू," सुदामभाऊ मला म्हणत. "बरे झालेले सांगत फिरतात. मेलेले थोडेच सांगाले येतात?" बोलणं बिनतोड होतं, पण ऐकायला माझ्याशिवाय कुणी नसे. पुढं माझीही बदली झाली.

निघायच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता ते एकदम थांबले. "माळेनं शांता वाचली नसती, हे मले पक्कं मालूम हाये. पन तिनं मागतली होती, बापू. जीव घाबरला होता तिचा. आन् मी तिले शिकवत बसलो..." तव्यावरची भाकरी करपली. तशीच खाल्ली त्यांनी.

शेवटची भेट अकोल्याच्या दवाखान्यात झाली. शेजारच्या रोग्याची म्हातारी आई त्यांच्या मनगटाला काळा दोरा बांधू लागली. मी तिला अडवणार, तोच ते म्हणाले, "बांधू दे. माह्या हाताले हात लावनारं दुसरं कोन हाये?" गोळ्या मात्र ते वेळेवर मागून घेत होते.

मी नांदगावला पोचलो तोवर माती होऊन गेली होती. त्यांचा मेहुणा त्यांच्याच घराच्या ओसरीत सगळ्यांना सांगत होता, "शेवटी मास्तरनं मानलंच. हातात दोरा होता!" सुदामभाऊंच्या सासूबाईंनी मला विचारलं, "कोनं बांधला?"

"शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या म्हाताऱ्या आईनं."

"म्हंजे... आपलं कोनीच नव्हतं तिथं?"

त्या उठून आत गेल्या. चुलीपाशी सुदामभाऊंचं एकच ताट उपडं घातलेलं होतं. स्वच्छच होतं. ते घेऊन त्या राखेनं घासत बसल्या.