खंडेनवमीच्या आत टायमिंग बेल्ट

खंडाळ्याच्या घाटात माझ्या गाडीनं पांढरा धूर सोडला, तेव्हा कठड्यापाशी उभ्या असलेल्या पर्यटकांना ते धुकंच वाटलं. एक जोडपं धावत येऊन त्या धुरात उभं राहिलं आणि मलाच म्हणालं, "काका, एक फोटो काढता का?" मी काढला. चांगले दोन काढले, एक आडवा आणि एक उभा. मग वळून बॉनेट उघडलं, तर रेडिएटरची टाकी कोरडी ठणठणीत आणि इंजिन तव्यासारखं तापलेलं.

खोपोलीतल्या एका लग्नात माईकवरून पाहुण्यांचं स्वागत करून मी परत चाललो होतो. हा माझा फावल्या वेळचा धंदा. बोलण्यात माणूस रंगला की डोळा तापमानाच्या काट्यावर राहत नाही, आणि गाडीत मी एकटा असलो तरी बोलतोच. भाजीच्या एका रिकाम्या टेम्पोनं दोरी बांधून मला सोमाटण्यापर्यंत ओढत आणलं. तिथे माझ्या शाळेतल्या मित्राचं गॅरेज आहे. त्यानं तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, बोटाला लागलेला तो फिकट तपकिरी साय आलेला प्रकार मला दाखवला आणि म्हणाला, "ह्यात चहा कुनी वतला?"

"म्हणजे?"

"म्हंजी हेड गॅस्केट उडलं. पानी तेलात गेलं. टर्बोची गाडी हाय ती, आत दाब लय. घाटात तापली की पयलं त्येच जातं."

इंजिनाचे दोन भाग असतात, खालचा ब्लॉक आणि वरचं हेड. दोघांच्या मधे पत्र्यासारखी एक पातळ चकती बसते, ती गॅस्केट. आत पेटणारं डिझेल, वंगणाचं तेल आणि थंड ठेवणारं पाणी या तिघांना एकमेकांत मिसळू न देणं एवढंच तिचं काम. लग्नात एकमेकांशी न बोलणारे तीन व्याही वेगवेगळ्या पंगतींत बसवणारा एखादा मामा असतो ना, तसं. तो मामा उठून गेला की पुढे काय होतं ते मी माईकवरून पुष्कळदा पाहिलंय.

"हेड काडावं लागंल," मित्र म्हणाला. "आन् हेड काडायचं तर टायमिंग बेल्ट उतरावा लागतोच. मग तोबी नवाच टाकू. जुना पार चिरलाय."

"दसऱ्याला नागपूरला जायचंय रे आत्याला घेऊन."

हे ऐकून त्यानं बोट फडक्याला पुसलं आणि पुन्हा इंजिनात वाकला. माझ्या आत्याला सगळेच ओळखतात.

आत्या बेगडेवाडीला राहते. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले. आत्या तेव्हा लहान होती आणि अंगात ताप होता, म्हणून तिला घरी ठेवलं. त्यानंतर कधी लग्न, कधी बाळंतपण, कधी भातकापणी, कधी गुडघे, असं करत तिचं दीक्षाभूमीला जाणं राहून गेलं ते गेलंच. रेल्वेच्या डब्याची पायरी आता तिला चढवत नाही. यंदा मी म्हटलं, गाडीनं नेतो, मागच्या सीटवर आडवी हो आणि चल. तेव्हापासून तिनं पांढरी साडी इस्त्री करून पिशवीत घालून ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पिशवी उघडून दाखवत होती.

आता अडचण अशी की दसऱ्याला तिथे पोचायचं तर नवमीला निघायला हवं. आणि नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी सकाळी मित्राच्या गॅरेजातले सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. त्याच्या वडिलांपासूनची पद्धत.

मी गमतीनं म्हटलं, "एखादा पाना बाजूला काढून ठेव की."

"देवाला कळत न्हाई व्हय?"

"बरं, माझ्या डिकीतले पाने घे. ते काही तुझ्या पूजेत नाहीत."

"तुज्या डिकीत दोन पानं आन् एक वाकडा स्क्रू ड्रायव्हर हाय. त्येच्यावर हेड बसवतो का? अष्टमीच्या सांजपातूर गाडी चालू करतो, मग तर झालं? न्हाई झाली तर दसऱ्याच्या मागनं."

दसऱ्याच्या मागनं आत्यानं नागपुरात काय करायचं होतं?

अष्टमीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. हेड निघालं. ते तापून किंचित वाकलं होतं, म्हणून घासून सपाट करायला तळेगावच्या वर्कशॉपात गेलं. ते आणायला अष्टमीला सकाळी मित्राबरोबर मीही गेलो. परत आलो, तर गॅरेज ओळखू येईना. मित्राची आई, आमची मावशी, उद्याच्या पूजेच्या तयारीला लागली होती. फरशी धुतलेली. दाराला झेंडूचं घसघशीत तोरण. ट्रेमधले सगळे सुटे भाग डिझेलनं धुऊन, फडक्यानं कोरडे करून, पितळी भांड्यांसारखे ओळीनं मांडलेले. आणि मावशी कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट पाहत उभी.

मित्रानं शाबासकी दिली नाही. ट्रेमधली एक दातेरी पुली उचलली, उलटी केली, सुलटी केली, आणि मटकन स्टुलावर बसला.

"आये, ह्येच्यावर पांढरी खूण हुती."

"हुती की. कावळा शिटला हुता. घासून काडली."

आता ही खूण काय, ते सांगायला हवं. इंजिनात खालून पिस्टन वर येतात आणि वरून व्हॉल्व्ह खाली येतात, ते एकाच जागेत. धडक होत नाही, कारण टायमिंग बेल्ट नावाचा दातेरी रबरी पट्टा दोघांना तालात ठेवतो. लेझमीच्या रांगेत एखाद्याचा ठेका चुकला की शेजाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ येतं. इथे ठेका चुकला की व्हॉल्व्ह वाकतात आणि अख्खं इंजिन नव्यानं उघडावं लागतं. म्हणून बेल्ट उतरवण्याआधी खालच्या पुलीवर, वरच्या पुलीवर आणि खुद्द बेल्टवर व्हाइटनरनं खुणा करतात. वरच्या पुलीवर कारखान्यानं दोन खाचा पाडलेल्या होत्या, दोन वेगळ्या मॉडेलांसाठी. आमच्या गाडीची कुठली, ते त्या पांढऱ्या ठिपक्यानं सांगायचं होतं. आणि तो ठिपका आता मावशीच्या फडक्याला लागलेला होता.

"तुला आठवत नाही का कुठली?" मी विचारलं.

"आटवायचंच आसतं तर खूण कशाला केली आसती?"

मोबाईल काढला. एका व्हिडिओत एक माणूस एक खाच दाखवत होता, दुसऱ्यात दुसरा दुसरी, आणि दोघेही छातीठोकपणे. चिंचवडच्या एका जाणकाराला फोन लावला. तो सहकुटुंब तुळजापूरच्या रांगेत उभा होता आणि मागून एवढा आरडाओरडा चालला होता की 'खाच' हा शब्द तिथवर पोचलाच नाही.

नेमकी याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि आत्या उतरली. गाडी कशी झाली ते बघायला आली होती. पिशवीसकट.

मित्रानं तिला खुर्ची दिली. मी तिला सगळं सांगितलं, थोडं सौम्य करून. मावशी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी राहिली. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, "तू का त्वांड लपवतीस? घान दिसली, पुसली. मीबी पुसली आसती."

"मला काय ठावं बाई, ह्येंची कामं आसली आसत्यात," मावशी म्हणाली. "कोन खूण करतं आसली? नीट आकडा तरी लिवायचा."

"जुना बेल्ट कुटंय?" मित्र एकदम उठला. "बेल्टवर दोन खुणा हुत्या. त्येंच्यामधलं दात मोजलं तर खाच कळंल. आये, जुना बेल्ट फेकला का काय?"

मावशीनं आठवायचा प्रयत्न केला. हितं हुता, तितं हुता. आम्ही भंगाराचा डबा पालथा केला. मी तर गाडीखालीही सरपटून आलो आणि स्वच्छ सदरा घालवून बसलो. मावशी म्हणत राहिली, "फेकला न्हाई, फेकला न्हाई, कायतरी केलं मी त्येचं." आत्या दाराशी खुर्चीवर बसून वर बघत होती.

"त्या फुलांच्या मागं काळं काय हाय गं?"

तोरण! सुतळी तुटते म्हणून मावशीनं मजबूत, दातेरी, छान लांब असा आमचा बेल्ट कापून सरळ केला होता आणि दर दोन दातांना एक झेंडू बांधून दारावर ताणला होता. फुलांतून कुठेतरी पांढऱ्या व्हाइटनरचा एक कोपरा डोकावत होता. रबरात मुरलेली खूण काही तिच्या फडक्यानं निघाली नव्हती.

मित्र शिडी आणायला धावला आणि मावशी दारात आडवी आली. "बांदल्यालं तोरण सोडत न्हाईत."

"आये, गाडी!"

"गाडी गेली चुलीत. सनाच्या तोंडावर दार बोडकं करतोस?"

मी हात जोडले, विनवण्या केल्या, डोळ्यांत पाणीसुद्धा आणून बघितलं. माईकवर हे सगळं मला चांगलं जमतं. मावशी ढिम्म हलली नाही. शेवटी आत्या म्हणाली, "दुसरं वायलं तोरण करून दे हिला. फुलं दे मला. मी ववते." मग मित्रानं कोपऱ्यातून एक जुना फॅनबेल्ट काढला. आत्या आणि मावशी समोरासमोर बसल्या, पूजेसाठी आणलेल्या टोपलीतलं एकेक फूल त्यावर चढवू लागल्या, आणि एकीकडे सुनांबद्दल बोलू लागल्या. नवं तोरण चढल्यावरच मावशीनं जुनं सोडू दिलं.

दात आम्ही तिघांनी मोजले. माझा आकडा वेगळा आला, मावशीचा त्याहून वेगळा. मित्रानं दोघांना गप्प केलं आणि खडूनं रेघा मारत पुन्हा मोजले. बायका फुलं ओवत होत्या तेवढ्यात त्यानं हेड ब्लॉकवर बसवूनही टाकलं होतं. नव्या गॅस्केटवर, नव्या बोल्टांनी, मधून सुरुवात करत कडेकडेला. पहिल्या खाचेशी हिशेब लावला तर दात कमी पडत होते. दुसरीशी तंतोतंत जुळले. नवा बेल्ट चढला, ताणला गेला.

"आता लगेच किल्ली मारायची न्हाई," मित्र म्हणाला. "आदी हातानं फिरवायचं. पुरं दोन फेरं."

त्यानं खालच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला आणि सावकाश ओढू लागला. पहिला फेरा जड पण सरळ गेला. दुसऱ्यात मधेच पाना थांबला. मित्राच्या दंडावरची शीर फुगली. पाना हलेना.

"धडकलं?" माझा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

"गप. आत कोंडल्याल्या हवेचा दाब आसला तर सुटंल. व्हॉल्व्ह आडला आसला तर न्हाई सुटनार." त्यानं जोर लावला नाही, नुसता धरून ठेवला. आत्या उठून उभी राहिली होती, गुडघेदुखी विसरून. मावशीनं डोळे मिटले होते. बाहेर रस्त्यावर कोणाच्या तरी ट्रकचा हॉर्न लांबलचक वाजला. आणि मग आतून सुस्कारा सुटावा तसा फुस्स आवाज आला आणि पाना स्वतःहून, मऊपणे, पुढे सरकला.

"दाब हुता," मित्र म्हणाला आणि हसता हसता जमिनीवरच बसला.

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, थोडा निळा धूर टाकला, आणि चालू झालं. धूर पांढरा नव्हता. आम्ही काटा चढताना बघत राहिलो. तो मधोमध येऊन थांबला आणि तिथेच राहिला. मी टर्बोचा तो बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकत गॅरेजात एक गिरकी घेतली. मावशी म्हणाली, "ह्याला आवरा कुनीतरी." मित्रानं मला आवरलं नाही, तो पाने गोळा करून धुवायला घेत होता. बाहेर अजून उजेड होता.

नवमीला सकाळी आम्ही निघालो. समृद्धी महामार्गावर मी दर थोड्या वेळानं काट्याकडे बघत होतो आणि आत्या मागून विचारत होती, "हाय का जाग्यावर?" होता.

दीक्षाभूमीवर गर्दी एवढी की तिचा हात सोडायची भीती वाटत होती. पांढऱ्या साडीत ती स्तूपासमोर उभी राहिली, मान वर करून घुमट बघितला. मग म्हणाली, "फोटूत लय मोटं दिसायचं. मला वाटलं हुतं, खरं बगितलं की लहान दिसंल. न्हाई दिसत." आणि वाकून जमिनीला हात लावला. वाकताना तिनं माझा आधारही घेतला नाही.

नंतर सावलीत बसलो, तर शेजारच्या वर्ध्याच्या बाईंनी तिला विचारलं, कुठून आलात. झालं. आत्या सुरूच झाली. मावळातून आलो, गाडीचं डोकं काढलं होतं, बेल्ट फुलांत अडकला होता, आणि तो तिनंच शोधून काढला. "आन् ह्यो माजा भाचा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नुस्ता हात जोडत हुता." भोवती बऱ्याच बाया जमल्या. मला एकदोनदा मधे बोलायचं होतं, तपशील चुकत होते, चांगल्या जागा तिच्या हातून निसटत होत्या. पण कोणी माझ्याकडे बघितलंच नाही, आणि मी आयुष्यात क्वचितच करतो ते केलं. पाय पसरले, भिंतीला टेकलो आणि गप्प बसून ऐकत राहिलो.