ताईनं साठा पुन्हा मोजायला लावला

सोव्हिएत संघ मोडला तेव्हा त्यातून निघालेल्या एका देशात युरेनियमचे डबे गोदामांत तसेच पडून राहिले. ते जागेवर आहेत की नाहीत, हे दरवर्षी मोजायचं काम माझी ताई करते. भैंसाजवळच्या आमच्या गावातली, दुसऱ्यांच्या खळ्यावर राबलेल्या मायची थोरली लेक. मी इथंच जिल्ह्यात पत्रकं लिहिते, वाटते, शिव्या खाते.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. एक डबा कमी भरत होता. तिच्या तपासणी पथकाचा साहेब म्हणाला, मागच्या साली होता तोच आकडा लिही आणि सही कर. सोबतच्या माणसानं न मोजताच सही ठोकली होती. ताई अडून बसली, गोदाम पुन्हा उघडायला लावलं. नोकरी करारावरची, आणि करार वाढवणं त्याच साहेबाच्या हातात.

माझं डोकं सणकलं. जगाला बॉम्बची भीती दाखवणारे हे लोक, आणि न मोजता सही! मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. मथळा दिला, ‘माल गेला कुठं?’

“थांब वं,” ताई म्हणाली. “मोजणी झाल्याबिगर एक कागद वाटू नको.”

“काऊन? कमी हाय ना?”

“माह्या मोजणीत कमी हाय. गोदामात हाय का, तेच पाहून राह्यलो ना आमी.”

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तिचा आवाज बसला होता. “डबे पुरे हायेत. मीच चुकली.”

आमच्याकडं जोंधळ्याची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, आणि पुढचं माप दोन. ताई लहानपणी मायसोबत खळ्यावर मापं मोजायची. तिथल्या मरणाच्या थंडीत ती सवयीनं मनातल्या मनात लाभ म्हणाली आणि पुढच्या डब्याला एक. तिथून शेवटपर्यंत एक मागंच.

माझ्याशेजारी बसून फोन ऐकणाऱ्या मायला हसू आवरेना. “युरेनियमचा कसला वं लाभ, पोरी?”

मी मात्र तिला अडवलं. “ताई, अहवालात तुही चूक लिहू नको. त्यानं सही मागतली, तेवढंच लिही. नाही तं साहेबाला आयतंच सापडन.”

“तेवढंच लिहिलं तं अर्धं खोटं झालं. मंग त्याच्यात आन् माह्यात काय फरक?”

तिनं दोन्ही लिहिलं. मोजणीतली चूक स्वतःची, आणि न मोजता सही करायला कोणी सांगितलं तेही. शिवाय मागणी केली: यापुढं दोघांनी मिळून, मोठ्यानं मोजायचं.

मी मथळा खोडून नवा लिहिला, ‘न मोजता सही कोणी मागितली?’ देशाचं, गोदामाचं नाव घालायचं नाही आणि तिची चूक गाळायची नाही, या दोन अटींवर ताईनं होकार दिला.

करार वाढेल का, अजून कळलेलं नाही. साहेबाचा निरोप आला होता की अहवालातली सहीबद्दलची ओळ काढ, मग बघू. ताईनं उत्तरात तीच ओळ पुन्हा लिहून पाठवली.