पन्नास शेरांतले दहा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. लेकीपाशी नाही, देवापाशीही नाही. तिच्यापाशी तर नाहीच.

त्या सकाळी आम्ही दोघं ओटीवर तांदूळ निवडत होतो. मी खडे काढायचो, ती माझे राहिलेले काढायची. लेकीचा पनवेलहून फोन आला – आई, पाव किलो तांदूळ म्हणजे किती वाट्या? इंदूनं विचारलं, वाटी कुठली, आमटीची की चहावाल्याच्या ग्लासाएवढी? अन् सांगून टाकलं. मी म्हटलं, "काटा गिळलास काय गं?" ती म्हणाली, "गिळते कशाला? एकदा बघितला, डोक्यात ऱ्हायला."

दुपारी तिच्या छातीत कळ आली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला मसणात पोचवून आलो.

शाळा तिची दुसरी, माझी चौथी. त्या दोन इयत्तांचा मला केवढा तोरा! पण शीग लावलेला शेर किती, बोटानं सपाट केलेला किती, नवा तांदूळ किती अन् जुना किती – हे तिला विचारावं. तिच्याकडं तिच्या आईचा लाकडी शेर होता. रेशनच्या दुकानात एकदाच तो तिनं काट्यावर घालून बघितला होता. मग जन्मभर काटा लागला नाही. गावातली लग्नं तिच्या अंदाजावर जेवली.

आता ते सांगतो. किती वळसे घेऊ?

शेजारच्या गणूच्या मुलीचं लग्न. गणूनं चाळीस किलो तांदूळ आमच्याकडून मागितले. इंदू तापानं पडलेली. पडल्या पडल्याच म्हणाली, "पन्नास शेर काढा. आपला शेर आठशे ग्रॅमचा हाय." मी कणगीपाशी गेलो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं – तसा लाभ, दोन, तीन करत चाळिसावर थांबलो. शेर म्हणजे किलोच की! बाईमाणूस, त्यात ताप, बरळते. दहा शेर उगाच का घालवा?

शेवटची पंगत बसली आणि भात संपला. वरपक्षाची माणसं पानावर बसून राहिली. गणूचा भाऊ माझ्यासमोर आला, "दादा, वहिनीचं माप आज कसं हो चुकलं?"

मांडव सगळा माझ्याकडं बघत होता. मी काय बोललो?

"बायकांची मोजणी ती!"

लोक हसले. इंदू तापातली उठून आली होती, मांडवाच्या खांबाला धरून उभी. तिनं ऐकलं. कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांकडं बघितलं – तिला काय हिशोब लागतोय? घरी गेली, उरलेले दहा शेर काढले, तापल्या अंगानं चुलीपुढं बसली आणि ती पंगत उठवली पोटभर.

पुढं कितीतरी वर्षं लग्नाघरी बाया तिला म्हणायच्या, "वहिनी, माप बघून घाला हां." ती हसायची. मी तिथंच असायचो. पान खात.

तिला ठाऊक होतं. नसेल कसं? अशी बाई माझ्या घरात नांदली, आणि मी तिला चार माणसांत खोटं पाडलं. तोंड उघडायला तीस-पस्तीस वर्षं होती. उघडलं नाही.

तिला पोचवल्याच्या दुसऱ्या सकाळी घरात चूल पेटवायची नव्हती. मी तिचा शेर भरला, बोटानं सपाट केला, फडक्यात बांधला आणि नाक्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही आज कशाला आलात? पोराला धाडलं असतं." मी म्हटलं, "काट्यावर घाल."

त्यानं नुसते तांदूळ घातले. आकडा थोडा हलला आणि थांबला. आठशे.

मी तांदूळ परत मापात भरले. वर बोट फिरवलं. एक दाणा खाली पडला, तो उचलून आत टाकला आणि घरी आलो.